फायनलचे क्यूब कोणी जुळवले?

आमच्या दाजींची ओळख करून देण्याचा अधिकार मला नाही. ती त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि दुर्दैवाने छापखाना माझा असल्यामुळे ती मलाच छापावी लागली. कार्डावर पुढच्या बाजूला असं आहे:

"हेमचंद्र मुळे. गुन्हेअन्वेषक. तर्कसूर्य. ज्यांच्या नजरेपुढे पुरावा थरथरतो आणि गुन्हेगार घाम पुसतो, असे अहिल्यानगर जिल्ह्यातील एकमेव. चौकशी अत्यंत गुप्त. दुपारी जेवणानंतर विश्रांती."

मागची बाजू कोरी ठेवावी असं मी सुचवलं होतं. त्यांनी तिथे हनुवटीखाली मूठ धरलेला स्वतःचा फोटो टाकायला लावला. गुन्हेगार घाम पुसतो हे मात्र खरं आहे, पण आमच्याकडे मे महिन्यात सगळेच पुसतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीत असताना ते एका थिएटरचे मॅनेजर होते. त्या काळात त्यांनी शेकडो रहस्यपट पाहिले, पण प्रत्येकाचा फक्त शेवट. खेळ सुरू झाला की ते केबिनमध्ये झोपायचे आणि संपत आला की दारं उघडायला उठायचे. त्या वेळी पडद्यावर काय चाललेलं असे? सगळी मंडळी एका खोलीत जमली आहेत, एक माणूस येरझाऱ्या घालतो आहे, आणि मग तो अचानक कोणाकडे तरी बोट दाखवतो. गुप्तहेरी म्हणजे एवढंच, अशी दाजींची प्रामाणिक समजूत आहे. बोट दाखवण्याआधी काही शोधायचं असतं, हे मी एकदा सांगून पाहिलं. "रंगनाथ, तू पत्रिका छाप," असं उत्तर मिळालं.

त्यांच्या सोसायटीतली दुधाची पिशवी हरवली तेव्हा त्यांनी सगळी बिऱ्हाडं गच्चीवर जमवली आणि आळीपाळीने प्रत्येकाकडे बोट दाखवलं. पिशवी त्यांच्याच फ्रिजमध्ये निघाली. ते प्रकरण ते अजून "पूर्ण उकललेलं" या सदरात धरतात.

त्या रविवारी सकाळीच ताईचा फोन आला. "रंगा, आज ह्यांना कुठेतरी घेऊन जा. मला घर आवरायचंय, आणि हे प्रत्येक जळमटामागे हेतू शोधत बसतात."

मी सावेडीत एका हॉलवर प्रमाणपत्रं पोचवायला निघालो होतो. दाजींना स्कूटरवर मागे बसवलं. हा माझा सहायकपणा. दाजी लोकांना माझी ओळख "माझा सहायक" अशी करून देतात, कारण स्कूटर माझी आहे.

हॉलमध्ये क्यूबची स्पर्धा होती. तोच तो सहा रंगांचा ठोकळा, जो आपल्या प्रत्येकाच्या घरात एक बाजू जुळलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडून असतो. इथली मुलं तो काही सेकंदांत पूर्ण जुळवतात. हे सगळं जमवून आणलं होतं भार्गवीने. ती आमच्याच गल्लीतली, एका कंपनीचं काम घरून करते. पण खरी ती क्यूबवाली. पुण्यात, नाशकात, कुठेही स्पर्धा असली की ही टेबलं लावायला, घड्याळं तपासायला, माइकवर ओरडायला हजर. स्वतःही भाग घ्यायची, पण अर्धं चित्त पार्किंगमध्ये. त्यामुळे फायनल तिने कायम दुसऱ्यांचीच पाहिली.

आपल्या गावात अधिकृत स्पर्धा व्हावी म्हणून ती दोन वर्षं धडपडत होती. आणि नेमकी याच स्पर्धेत, सकाळच्या फेऱ्यांनंतर, भिंतीवर लागलेल्या बारा जणांत तिचं नाव आलं. तिने ते वाचलं, पुन्हा वाचलं, बोटाने पुसून जातंय का तेही बघितलं. मग लगेच कोणाला तरी फाटकातली गाडी काढायला सांगायला पळाली. मला फार बरं वाटलं. गावात एखादं माणूस गवगवा न करता काम करतं आणि त्याचं चांगलंही होतं, असं मी फारसं पाहिलेलं नाही.

आता फायनल म्हणजे काय, तर बाराही जणांचे क्यूब आधी जमा करतात. शेजारच्या खोलीत ते ठरवून दिल्याप्रमाणे बिघडवतात. बिघडवायलासुद्धा दोन माणसं लागतात. एक बिघडवतो, दुसरा तो नीट बिघडला आहे का ते तपासतो. मग प्रत्येक क्यूबवर झाकण ठेवतात, म्हणजे खेळणाऱ्याला तो आधी दिसू नये. त्या खोलीत फायनलमधल्या कोणीही पाऊल टाकायचं नाही, टाकलं तर बाद, हे भार्गवीने सकाळीच माइकवर बजावलं होतं.

क्यूब बिघडवून तयार झाले आणि प्रमुख पाहुणे आले. त्यांना सकाळी उद्घाटनाला बोलावलं होतं. पाहुणे आले म्हणजे सत्कार आला, शाल आली, नारळ आला, आणि ज्यांनी शाल आणली त्यांचाही सत्कार आला. पाहुण्यांनी "मुलांनी मोबाईलपासून दूर राहावं" या विषयावर भाषण केलं. मधे दोनदा त्यांचा मोबाईल वाजला, दोन्ही वेळा त्यांनी तो घेतला. तोवर बारा क्यूब शेजारच्या खोलीत झाकणाखाली पडून होते.

अखेर क्यूब टेबलांवर आले. पहिल्या मुलाचं झाकण उचललं. तो बघतच राहिला. क्यूब जुळलेला होता. दुसरं झाकण उचललं. तोही जुळलेला. बाराच्या बारा क्यूब, सहाही बाजूंनी, दुकानातून आणल्यासारखे.

"वा!" प्रमुख पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "झाले की सगळ्यांचे! मग द्या बक्षीस, मला पुढं शिर्डीला जायचंय."

कोणी हसलं नाही. स्पर्धेवर देखरेख करायला वरच्या क्यूब संघटनेकडून निवेदिता नावाच्या एक बाई आल्या होत्या. वय तिशीच्या आत, पण चेहरा परीक्षेच्या हॉलमधला. त्या भार्गवीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे कोणीतरी मुद्दाम केलंय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळलं नाही तर फायनल रद्द. ज्याने केलं तो फायनलमधला असेल, तर तो बाद. आणि इथे पुन्हा स्पर्धा द्यायची की नाही, ते मला वर कळवावं लागेल."

भार्गवीच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. आणि नेमक्या त्याच क्षणी मागच्या रांगेतून पोह्यांची दुसरी बशी खाली ठेवत दाजी उठले.

"कोणीही जागचं हलायचं नाही!"

कोणी हलत नव्हतंच. उलट त्यांच्या आवाजाने जे उभे होते ते घाबरून बसले, म्हणजे जी काय हालचाल झाली ती दाजींमुळेच झाली. त्यांनी निवेदिताबाईंच्या हातात कार्ड ठेवलं. बाईंनी पुढची बाजू वाचली, मागची बघितली, आणि माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

दाजींनी येरझाऱ्या सुरू केल्या. चार येरझाऱ्यांत पहिलं बोट निघालं, ते सुश्रुतकडे. सुश्रुत म्हणजे क्यूब बिघडवणारा इंजिनीअरिंगचा मुलगा.

"हे क्यूब बिघडवलेच नव्हते! आळस! आजच्या पिढीचा आळस!"

"काका, मी बिघडवले, निवेदिता मॅडमनी तपासले," सुश्रुत म्हणाला.

दाजींचं बोट निवेदिताबाईंकडे वळू लागलं. बाईंनी फक्त भुवई उचलली. बोटाने हवेतच विचार बदलला आणि पश्चिमेकडच्या भिंतीवर स्थिरावलं.

"पुणं!" दाजी म्हणाले. "नगरचं नाव होतंय हे पुण्याला बघवलं नाही. तिथून एक टोळी आली, आणि काम करून सुपा टोलनाका ओलांडून गेलीसुद्धा!"

"टोळीने येऊन काय केलं, तर आमचे क्यूब जुळवून दिले?" मी विचारलं.

"हेच तर त्यांचं कपट," दाजी म्हणाले.

निवेदिताबाई कंटाळून फोन करायला बाहेर गेल्या. मग दाजींनी, केवळ मी आग्रह केला म्हणून, भार्गवीला एक प्रश्न विचारला. सत्कार चालू असताना ती कुठे होती?

"त्या खोलीतच होते की," भार्गवी म्हणाली. ती हॉलभर नजर फिरवत होती, कोण उठून जातंय, कोण राहतंय. "काका, जेवणवाल्याने जेवण भलत्याच कार्यालयात नेलं. तिथे साखरपुडा होता, त्यांनी खाऊनसुद्धा टाकलं. माझ्या फोनला नीट रेंज फक्त तिथल्या खिडकीपाशी येते. तिथेच उभी राहून मी त्याच्याशी भांडले, मग आईला फोन केला. तेवढ्या वेळात आत कोणीही आलं नाही, हे मी शपथेवर सांगते."

"म्हणजे गुन्हेगार खोलीत आला, तुझ्यादेखत बारा क्यूब जुळवले, आणि तुला दिसला नाही!" दाजींचे डोळे चमकले. "रंगनाथ, याचा अर्थ कळला?"

"नाही."

"तो अत्यंत चपळ आहे!"

मग त्यांनी टेबलावरचा एक क्यूब "नमुना" म्हणून उचलला, त्या खोलीत खिडकीजवळ नेऊन त्याचा अभ्यास केला, म्हणजे तो इकडून तिकडे पिळला. पुन्हा होता तसा करायला गेले, तर तो आणखीच बिघडला. थोडा वेळ झटापट करून त्यांनी तो तिथेच टेबलावर ठेवला. "तपासाच्या दृष्टीने असाच असलेला बरा," असं म्हणून त्यावर झाकण घातलं.

परत आले ते तिसरं बोट घेऊनच. या वेळी ते यशोधराकडे गेलं. आतापर्यंतची बोटं वाया गेली होती. हे लागणार होतं.

यशोधरा काष्टीची, कॉलेजात शिकणारी. वडील आसाराम तिला टेम्पोतून घेऊन आले होते. सकाळपासून हॉलमध्ये सगळ्यात वेगवान तीच होती.

"इतक्या थोड्या वेळात बारा क्यूब कोण जुळवू शकतं?" दाजी गरजले. "ज्याचा हात सगळ्यात चालतो तोच! हीच ती चपळ!"

दाजींच्या तर्काला आजवर कोणी मान डोलावलेली मी पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली. पुढच्या रांगेत काही पालक बसले होते. त्यांची मुलं सकाळीच यशोधराकडून हरली होती. पोराच्या क्यूबला लावायचं महागडं तेल परदेशातून मागवणारी ही माणसं, टेम्पोतून आलेली मुलगी आपल्या मुलाच्या पुढे जाते हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. "तसं बघितलं तर शक्य आहे," एक जण म्हणाला. "मला आधीच वाटलं होतं," दुसऱ्याने जोडलं. ज्यांना आधीच वाटलेलं असतं त्यांची मला फार चीड आहे.

आसाराम उठून उभे राहिले. "अवो सायेब, ती ष्टेजवर हुती की. सत्काराचं ताट धरून उभी केल्ती तिला तुमच्याच मानसांनी. तुमीच टाळ्या वाजवत हुता."

"हातात ताट! म्हणजे हात मोकळे नव्हते असं भासवायचं!"

"भासवायचं म्हंजी? शाल काय वाऱ्यावर तरंगत हुती व्हय? लई शहाने असाल तुमी, पर आदी ते बोट खाली घ्या."

यशोधराने आपला क्यूब पिशवीत टाकला आणि वडिलांना म्हणाली, "चला आबा, जाऊ घरी." निवेदिताबाई आत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आत्ता निघून गेलीस तर मला तुझं नाव काढावं लागेल." पुढच्या रांगेतल्या दोघांनी लगेच भिंतीवरचा सकाळचा पूर्ण निकाल वाचायला सुरुवात केली, तेरावा कोण आहे ते बघायला.

भार्गवी यशोधराच्या वाटेत उभी राहिली. "तू जायचं नाहीस. हिने काही केलेलं नाही, काका. मला माहीत आहे."

"कोणी केलं ते सांग मग," दाजी म्हणाले. भार्गवीच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्याच वेळी दारात रिक्षा थांबली आणि भार्गवीची आई, विजयाताई, मसालेभाताचं मोठं पातेलं घेऊन उतरल्या. जेवणवाल्याचा घोळ कळल्यावर त्यांनी शेजारणींना जमवून घरीच भात टाकला होता. आत येऊन त्यांनी आधी पातेलं ठेवायला जागा मागितली, मग पोरगी का रडते ते विचारलं. मी सगळं सांगितलं. दाजींचे सिद्धान्तही सांगितले, थोडक्यात, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच होतं.

विजयाताईंनी कपाळावर हात मारला. "रंगनाथ, ही मला मघाशी फोनवर बोलत होती ना, तेव्हा तिकडून सारखं कटाकट, कटाकट ऐकू येत होतं. मला वाटलं, घेतला असेल नेहमीसारखा हातात एखादा. अहो, ही फोनवर असली ना, की आमच्याकडे सोफ्यावरचे सगळे क्यूब मी आधी उचलून ठेवते. हिचा भाऊ एखाद्या क्यूबवर तासभर खपून नक्षी करून ठेवतो, ही मैत्रिणीशी बोलता बोलता तो जुळवून ठेवते. विचारलं तर म्हणते, मी हातसुद्धा लावला नाही!"

दाजी हसले. "वहिनी, हे गुन्हेअन्वेषण आहे. इथे सोफा आणू नका."

विजयाताईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. निवेदिताबाईंच्या कानात काहीतरी सांगितलं आणि त्या बाहेर ओट्यावर गेल्या. क्षणभरात भार्गवीचा फोन वाजला. रेंजसाठी तिचे पाय आपोआप त्या खोलीकडे वळले. आम्ही दाराशी उभे राहून बघू लागलो.

"हां आई. काय? पत्रावळ्या? अगं, मागच्या दाराने आण ना," असं म्हणत तिने फोन खांद्यात दाबून कानाशी धरला. दोन्ही हात मोकळे झाले. उजव्या हाताने दाजींच्या नमुन्यावरचं झाकण उचललं. ती बघत होती खिडकीबाहेर. क्यूब बोटांत गरगर फिरला, कटाकट, कटाकट, आणि "लोणचं आहे ना?" म्हणेपर्यंत सहाही बाजू जुळल्या. मग तिने तो टेबलावर ठेवला आणि, स्पर्धेत ठेवतात तसंच, त्यावर नीट झाकण ठेवलं.

फोन बंद करून ती वळली. दारात सगळं गाव जमलं होतं.

"काय झालं?" तिने विचारलं.

यशोधराने आत जाऊन झाकण उचलून दाखवलं. भार्गवी त्या क्यूबकडे बघत राहिली. मग स्वतःच्या हातांकडे. "मी?" एवढंच म्हणाली.

पहिलं हसू आसारामांना फुटलं, आणि मग सगळा हॉल हसला. निवेदिताबाईसुद्धा हसल्या. मुलांना तर काही नवलच वाटलं नाही. "माझंही होतं असं," सुश्रुत म्हणाला, "आजोबांच्या तेराव्याला झालं होतं." मघाशी ज्यांना आधीच वाटलं होतं, त्या गृहस्थांनाही आता हेच आधीपासून वाटत होतं.

"ठीक आहे," निवेदिताबाई म्हणाल्या. "हे क्यूब रद्द. राखून ठेवलेल्या दुसऱ्या पद्धतीने पुन्हा बिघडवू. कोणाचा फायदा नाही, कोणाचं नुकसान नाही. जेवणानंतर फायनल. बाराही जणांनी वेळेवर यायचं."

प्रकरण संपलं होतं. लोक पातेल्याकडे वळले. दाजी निवेदिताबाईंचा हात हातात घेऊन, "मी म्हटलंच होतं, गुन्हेगार चपळ आहे," असं त्यांना सांगत होते. यशोधराकडे त्यांनी बघितलंही नाही. मी ढकललं, तेव्हा तिच्याजवळ जाऊन त्यांनी तिला कार्ड दिलं.

तेवढ्यात माइकचा आवाज आला. भार्गवीचाच. दिवसभर ती ज्या आवाजात गाड्या हलवायला सांगत होती, त्याच आवाजात.

"एक सूचना आहे. फायनलमधल्या कोणीही त्या खोलीत गेलं तर बाद, असं सकाळी सांगितलं होतं. मी गेले होते. त्यामुळे फायनलमध्ये अकरा जण खेळतील. माझं नाव काढलेलं आहे."

"भार्गवी, तू आयोजक म्हणून गेली होतीस," निवेदिताबाई म्हणाल्या. "मी ते चालवून घेतलंय."

"कोणी केलं ते कळायच्या आधी तुम्हीच म्हणालात, फायनलमधला असेल तर बाद. यशोधरा असती तर बाद झालीच असती. मग माझ्यासाठी वेगळं कसं?" माइक चालू होता, त्यामुळे हे सगळ्यांना ऐकू गेलं. मग ती म्हणाली, "जेवणाची रांग डावीकडून लावा."

जेवणानंतर फायनल झाली. यशोधरा जिंकली. तिच्या टेबलापाशी वेळ बघायला पंच म्हणून भार्गवीच बसली होती. पोरगी जिंकल्यावर हिने ओरडून टाळ्या वाजवल्या, आणि मग बराच वेळ हॉलमागच्या नळावर तोंड धूत राहिली. विजयाताई टॉवेल घेऊन शेजारी उभ्या होत्या.

संध्याकाळी मी दाजींना घेऊन निघालो. पाइपलाइन रोडवर येईपर्यंत ते विचार करत होते. मग माझ्या खांद्यावर त्यांचं बोट टेकलं.

"रंगनाथ, या प्रकरणात एक धागा अजून सुटलेला नाही."

"कोणता?"

"ती खोलीत गेली हे कोणी उकरून काढत नव्हतं. बाईंनी माफही केलं होतं. दोन वर्षं मर मर मेली, पहिल्यांदा फायनल मिळाली, गुपचूप खेळायचं की नाही? स्वतःहून माइकवर जाऊन सांगितलं. असं कोणी करतं का?" ते पुढे वाकले, आवाज खाली आणला. "यात तिचा काहीतरी फायदा आहे. तो काय, ते मी शोधून काढणार."

मी स्कूटर कडेला घेतली आणि थांबवली.

"काय रे, पेट्रोल संपलं?"

"नाही," मी म्हटलं. "उतरा दाजी. इथून रिक्षा मिळते."